छाट

गड्डा उठला, पाळण्यांचे खांब ट्रकवर चढले,
आणि मी ठरवलं: फेब्रुवारीत रोज एक गाणं.
फेब्रुवारीच का, तर अठ्ठावीसच दिवस.
भित्र्या माणसानं निवडलेला महिना.

गिटार सेकंडहँड. पुण्याला नोकरीला निघालेल्या
शेजारच्या पोराकडून, अठराशे रुपये, दोन हप्त्यांत.
वरून दुसरी तार नाही.
मला कॉर्ड येतात अडीच.
अर्धा म्हणजे एफ, जो बोटांखाली
तापल्या तेलात पाणी पडल्यासारखा तडतडतो.

पहिलं गाणं चंद्रावर.
विडी घरकुलातून चंद्र दिसतो,
पण समोरच्या टाकीच्या मागून.
टाकी मी लिहिली नाही.
गाणं तिथंच खोटं झालं, हे कळायला
सहावा दिवस उजाडला.

दिवसभर मी खिसे शिवते.
शाळेच्या गणवेशाचे, पांढरे, डाव्या छातीवरचे.
मशीन थांबली की कानात जे उरतं
त्याला चाल म्हणावं का, ठाऊक नाही.
शेजारची महानंदा म्हणाली,
"काय पुटपुटलालीस बे? खिसा वाकडा चाललाय."
वाकडा गेलाच. उसवला.
त्या दिवसाचं गाणं त्यातच गेलं.

नवव्या दिवशी काही नाही.
दहाव्याला नळ आला, रात्री अडीचला.
आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी येतं
आणि मी म्हणते गाणं रोज यावं.
घागर, बादली, पिंप, शेवटी पातेली;
भरताना प्रत्येक भांड्याचा आवाज
खालून वर चढत जातो.
सत्तावीस वर्षं पाणी भरलं,
भरणं ऐकू येतं हे कुणी सांगितलं नव्हतं.
ओल्या हातानं तीन ओळी लिहिल्या
विजेच्या बिलाच्या मागे.
एक बरी होती.
सकाळी भाऊ बिल भरायला घेऊन गेला.

आई उंबऱ्यात बसते, मांडीवर सूप.
पान, तंबाखू, दोरा.
पंचवीसचा कट्टा. ओकटी, रेंडू, मूडू,
मग आवाज बंद होतो, बोटं मोजत राहतात.
तेराव्या दिवशी मी गिटार भिंतीला टेकवली.
"आई, सगळी भंगार निघालीत."
तिनं दोरा दातानं तोडला.
"हजार वळले तर कारखान्यात
शंभर तरी छाट काढतोच तो मेला.
म्हणून मी नऊशेच वळू का?"
आणि थोड्या वेळानं,
"छाटाचे पैसे देत नाही, अन् ठेवूनही घेतो."
हे ती मला म्हणत नव्हती.

पुढची गाणी मी नीट मोजली नाहीत.
एक कडक भाकरीवर, ती मोडताना ताल देते.
एक भावाच्या मोटारसायकलवर, त्याला आवडलं नाही.
एक नुसत्या 'हं'वर, कारण अंगात ताप.
सोळावं नि सतरावं एकच,
दुसऱ्या दिवशी उलटं म्हटलं.
एक अण्णांवर लिहायला बसले.
बत्तीस वर्षं यंत्रमागावर, आता त्यांच्याशी
ओरडून बोलावं लागतं.
त्यांनी गिटारीच्या पोटावर हात ठेवला,
म्हणाले, "बॉबिन हलतंय."
ते गाणं अर्धंच आहे. मोजलं.

अठ्ठाविसाव्या रात्री एफ वाजला.
एकदाच. पुन्हा नाही.

मार्चच्या पहिल्या रविवारी पत्रा तापला होता,
सोलापूरचं ऊन वाट बघत नाही.
आई वळत होती आणि गुणगुणत होती.
चाल अकराव्या दिवसाची,
मी खोडून टाकलेली.
शब्द तेलुगू. मधलं वळण तिनं सरळ केलेलं;
मी जिथं अडखळायची
तिथं तिचा दोरा गुंडाळला जात होता.

"हे कुठलं गं?"
"जुनंच आहे कायतरी," ती म्हणाली,
"माझ्या लग्नाआधीचं असंल."

मी काही बोलले नाही.
कात्री घेतली, भिजलेली पानं पुढ्यात ओढली.
तिचे अजून साडेतीनशे बाकी होते.